बारा रुपयांचा मास्तर

सहावीच्या आमच्या वर्गात फळ्याच्या वर ऑइलपेंटने रंगवलेली एक पाटी होती. 'विद्यार्थ्यांकडून अपेक्षा' हे तिचे शीर्षक. वेळेवर यावे, गणवेश स्वच्छ असावा, गृहपाठ पूर्ण असावा, वडीलधाऱ्यांपुढे उलट बोलू नये. गुरुजी रोज सकाळी ती आमच्याकडून म्हणवून घेत. साल २००१. पाटीत वावगे असे काही नव्हते. मात्र शिष्यवृत्तीची यादी आली की गुरुजी भर वर्गात म्हणत, "शिष्यवृत्तीवाले उभे राहा." आम्ही सातजण उभे राहायचो आणि उरलेला वर्ग बसून आम्हाला मोजायचा. माझा गणवेश एकच होता. आई शेतमजुरीवरून आली की रात्री तो धुऊन चुलीजवळ वाळत घालायची. पाटीवरची दुसरी अपेक्षा आमच्या घरात कोण पुरी करीत होते, हे गुरुजींना शेवटपर्यंत कळले नसावे.

शिक्षणाच्या इतिहासावर लिहिताना हे घरगुती रडगाणे कशाला, असे कोणी विचारील. कारण एवढेच, की अपेक्षांची ही पाटी उलटी करून वाचणारा माणूस आपल्याकडे १८८२ सालीच होऊन गेला होता, आणि बी.ए. होईपर्यंत मला ते कोणी सांगितले नव्हते.

१९ ऑक्टोबर १८८२ या तारखेचे जोतीराव फुल्यांचे हंटर आयोगापुढील निवेदन आपल्या चळवळीत वारंवार उल्लेखिले जाते. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यातली मागणी आपण भाषणांतून सांगतो. तिचे मोल मोठेच आहे. पण स्वतः मास्तरकी करू लागल्यापासून मी त्यातला मास्तरांविषयीचा मजकूर पुन्हा पुन्हा वाचतो. मुलांनी कसे असावे, याची यादी जोतीराव देत नाहीत. मास्तर कसा असावा, हे सांगतात. त्या काळचे शाळामास्तर बहुतेक ब्राह्मण, त्यांतले बरेचसे अप्रशिक्षित, पगार क्वचितच दहा रुपयांवर. धार्मिक सोवळ्यामुळे ते मुलांपासून अंतर राखत आणि त्यांच्या हाताखाली मुलाला कष्टाच्या कामाची शरम वाटू लागे. म्हणून जोतीराव म्हणतात की मास्तर शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत. वेळ आली तर नांगराची रुमणी किंवा सुताराची वाकस हातात धरायला लाजणार नाही आणि खालच्या मानलेल्या लोकांत सहज मिसळेल, असा माणूस त्यांना हवा होता. त्याला पगार बारा रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गावी पंधरा किंवा वीस असावा. शिकवायचे काय? मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, थोडा इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्याचे काही धडे. शिवाय तपासनिसाने निदान तीन महिन्यांनी शाळा पाहावी, आणि एरवीही आगाऊ वर्दी न देता जावे! ही शेवटची सूचना वाचून मला आजही हसू येते. ज्याने शाळा आतून पाहिली आहे, त्यालाच ती सुचेल.

मग मुलांकडून काही अपेक्षाच नव्हती काय? होती, आणि तिचा छापील पुरावा उपलब्ध आहे. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता या मांग समाजातील मुलीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये प्रसिद्ध झाला. तो आज्ञाधारक मुलीचा निबंध नाही. पेशवाईत आपल्या लोकांवर झालेला जुलूम ती सांगते, वेदांवर मक्तेदारी सांगणाऱ्यांना जाब विचारते आणि मग आमचा धर्म तरी कोणता, असा प्रश्न करते. आमच्या पाटीच्या भाषेत हे उलट बोलणेच झाले. त्या वर्गात ते चालत होते, एवढेच नव्हे तर ते लिहून काढण्याइतकी भाषा मुलीच्या हाती देण्यात आली होती.

त्याच निवेदनात एक कडू आकडा आहे. महार-मांगांच्या मुलांना इतरांशेजारी बसू देत नाहीत म्हणून सरकारने वेगळ्या शाळा काढल्या, पण पुण्यातल्या पाच हजारांहून अधिक वस्तीसाठी अशी शाळा एकच, आणि तिच्यात तीसदेखील मुले नाहीत. पुढे कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एका शाळेत घेण्याचा हुकूम काढला. पण एका छपराखाली आल्याने एका वर्गात बसायला मिळतेच असे नाही. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावाला स्वतंत्र गोणपाटावर बसावे लागे आणि ते गोणपाट रोज घरी न्यावे लागे, कारण शाळेचा गडी त्याला हात लावत नसे. आमचे उभे राहणे त्या गोणपाटाच्या तुलनेत काहीच नव्हते, हे मी जाणतो. पण जागा नेमून देण्याची रीत तीच होती.

आता मी स्वतः वर्गावर जातो. माझ्या पगाराचे बारा रुपये केव्हाच मागे पडले, आणि नांगर मी दहावीनंतर धरलेला नाही. गेल्या महिन्यात कार्यालयातून शिष्यवृत्तीच्या त्रुटींची यादी आली, वर्गात वाचून दाखवा म्हणून. मी ती वाचली नाही. माझ्या टेबलाच्या खणात आहे, ज्याने त्याने सवडीने येऊन पाहावी, असे सांगितले. अकरा जणांची नावे होती. आठजण येऊन गेले. तिघे अजून आलेले नाहीत. मुदत शुक्रवारी संपते आणि त्यांना व्हरांड्यात कोणासमोर कशी हाक मारावी, हे मला अजून ठरवता आलेले नाही.