डायनासोरच्या शेणात गवत कसं सापडलं?

मेट्रोत असाल, नाहीतर घरी भांडी घासता घासता ऐकत असाल. आजचा विषय आपल्या जवळचा आहे आणि जरा वासाचा आहे. म्हणजे होता. साडेसहा कोटी वर्षांत वास उडून गेला.

माझा चुलतभाऊ यंदा दहावीत आहे. 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा धडा त्यानं माझ्यासमोर धरला आणि विचारलं, "दादा, हे सारं खरं कशावरून? कोण पाहाले गेलतं तिथं?" मी बी.टेक., सॉफ्टवेअर इंजिनिअर. दादाला सगळं येतं असा त्याचा समज. मी "पुरावे असतात रे" एवढं म्हटलं आणि गप्प बसलो. कारण तोच धडा पाठ करून मीही मार्क घेतले होते. समजून घेतला नव्हता.

पण प्रश्न रास्त होता. चोरी होताना पोलीस तरी कुठं हजर असतात? ते नंतर येतात, पंचनामा करतात. उत्क्रांतीचा अभ्यासही असाच चालतो. आणि असा एक पंचनामा आपल्या विदर्भातच झालाय.

नागपुरात हिस्लॉप कॉलेज सगळ्यांना माहीत आहे. ते ज्यांच्या नावाचं, ते स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी. १८४५ मध्ये इथं आले. धर्मप्रचारासोबत त्यांना दगडांचाही नाद होता. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्यासोबत त्यांनी नागपूर परिसरातले जीवाश्म गोळा केले, आणि १८५५ मध्ये दोघांचा इथल्या भूगर्भावरचा लेख लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला.

आता चंद्रपूरच्या रस्त्याला लागू. वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथं डायनासोरची हाडं सापडतात, आणि सापडतात गोल-लांबट दगड. हे दगड म्हणजे दगड झालेली विष्ठा, कॉप्रोलाइट. मॅटली नावाच्या भूशास्त्रज्ञानं १९३९ मध्ये त्यावर लेखही लिहिला. पण शेणाच्या आत काय आहे, याचं मोठं उत्तर मिळायला २००५ साल उजाडलं.

लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद, स्वीडनमध्ये काम करणाऱ्या कॅरोलिन स्ट्रोमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी हे दगड तपासले. त्यांना हवे होते फायटोलिथ. म्हणजे काय? झाड जमिनीतल्या पाण्यासोबत सिलिका ओढून घेतं आणि पेशींमध्ये साठवतं. धानाच्या पातीनं बोट कापतं ना, त्यात या सिलिकाचा मोठा हात. झाड कुजतं, पण सिलिकाचा कण पेशीचा आकार धरून टिकतो. डोळ्यांना दिसत नाही, मायक्रोस्कोपखाली दिसतो. आणि गवताच्या वेगवेगळ्या गटांत या कणांचे आकार वेगळे असतात. अंगठ्याच्या ठशासारखं समजा.

पिसदुऱ्याच्या शेणात गवताचे ठसे निघाले. तेही एका जातीचे नाही, आजच्या गवतांच्या गटांशी नातं सांगणारे किमान पाच प्रकार! तोवर समज असा होता, की डायनासोर गेल्यावरच गवत पसरलं, कारण गवताचे खात्रीचे जीवाश्म साधारण साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचे होते. इथं तर गवत थेट डायनासोरच्या पोटातून निघालं.

भावानं लगेच धरलं, "पण हे शेण तेवढं जुनं कशावरून?" बरोबर. दगडांचे थर म्हणजे आमच्या कोडच्या कमिटसारखे, खालचा आधीचा, वरचा नंतरचा. हे शेण ज्या लामेटा थरात आहे, त्याच्यावर दख्खनच्या लाव्हाचा काळा दगड आहे. तो लाव्हा साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, आणि हे वय त्यातल्या किरणोत्सारी पोटॅशियमचा किती भाग ऱ्हास पावून आरगॉन झाला, ते मोजून काढतात. शेण लाव्हाच्या खाली, म्हणजे त्याच्या आधीचं.

"आणि ते डायनासोरचंच कशावरून?" इथं मात्र सरळ सांगतो, हे अनुमान आहे. त्याच थरात टायटॅनोसॉर या लांब मानेच्या, झाडपाला खाणाऱ्या डायनासोरची हाडं मिळतात, म्हणून शेण त्यांचं मानतात. शेणात गवतापेक्षा दुसऱ्या झाडांचे अवशेषच जास्त होते. म्हणजे हा गडी मुख्यतः गवतावर जगत नव्हता, समोर येईल ते खात होता.

मला सगळ्यात आवडलेला मुद्दा पुढं आहे. एकाच वेळी पाच प्रकार वेगळे झालेले दिसतात, तर त्यांचा मूळ पूर्वज त्याहून आधीचा असणार. आज पाच चुलतभाऊ उभे असतील, तर आजोबा आधी होऊन गेलेच ना? न सापडलेल्या आजोबाचं वय निदान किती, ते सापडलेल्या नातवंडांवरून ठरतं. २०११ मध्ये याच मंडळींच्या पुढच्या अभ्यासात तांदळाच्या कुळातलं गवतही त्या काळात होतं असं दिसलं. भंडारा-गोंदियाच्या धानाचे दूरचे नातेवाईक डायनासोरच्या पायाखाली होते!

आणि हो, जुना समज चुकीचा ठरला म्हणून शास्त्र हरलं नाही. नवा पुरावा आल्यावर मत बदलणं हेच त्याचं काम.

२०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला, तेव्हा १८०० हून जास्त शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्रावर सह्या केल्या. आपल्या राज्याच्या पुस्तकात धडा आहे. पण नुसता असून भागत नाही. मी पाठ करून विसरलो, तसा आणखी एक पोरगा विसरेल.

म्हणून एका रविवारी भावाला गाडीवर बसवून पिसदुऱ्याकडे नेलं. रस्त्यात त्याला सांगितलं, "काहीही खिशात घालायचं नाही. दगड जागेवरून हलला की कोणत्या थरातला ते कळत नाही, मग पुरावा गेला." बांधावर उभा राहून तो बराच वेळ शेताकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "दादा, म्हणजे पाहाले कोणी गेलं नव्हतं. पण ते जागेवरच पडून होतं."

याहून चांगलं उत्तर मला सुचलं नसतं. तुमच्या गावच्या शेतात, विहिरीत असं काही निघालं असेल तर जागेवरच फोटो काढा, हलवू नका, आणि भूगर्भशास्त्राच्या जाणकाराला दाखवा. भेटू पुढच्या भागात!