मुडदूस, पडदा आणि नाशिकचे ऊन

1922 साली इंग्लंडमधल्या ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात हचिसन आणि शाह या दोघांचा एक निबंध छापून आला. विषय होता मुडदूस, म्हणजे मुलांची हाडे मऊ पडून पाय वाकण्याचा आजार. आणि पाहणी होती आपल्या नाशिकची.

युरोपात हा आजार गरिबांचा मानला जाई. नाशिकमध्ये चित्र उलटे निघाले. मुडदूस आढळला तो खात्यापित्या, बायकांना पडद्यात ठेवणाऱ्या घरांत. ही घरे मुसलमानांची होती, तशी वरच्या थरातल्या हिंदूंचीही होती. शेतावर राबणाऱ्या गरिबांचे जेवण निकृष्ट होते, पण त्यांच्या मुलांची हाडे शाबूत होती. त्या आया उन्हात काम करत आणि त्यांची मुले उन्हात वाढत. पैशाने जे मिळाले नाही, ते त्यांना उन्हाने फुकट दिले होते.

हा शोध एकट्या नाशिकचा नव्हता. पोलिश वैद्य श्न्यादेत्स्की यांनी 1822 मध्येच लिहून ठेवले होते की वॉर्सा शहरातली मुले मुडदुसाने वाकतात, खेड्यातली नाही. तेव्हा मुलांना उन्हात न्या. कोणी मनावर घेतले नाही. 1890 मध्ये जपानात राहून आलेले डॉक्टर पाम यांनीही देशोदेशींची माहिती जमवून हेच मांडले. 1919 मध्ये बर्लिनच्या हुल्डशिन्स्की यांनी अतिनील किरणांच्या दिव्याने मुडदूस झालेली मुले बरी केली. एका हातावर किरण सोडले, तरी दुसऱ्या हाताची हाडेही सुधारली. म्हणजे कातडीत काहीतरी तयार होऊन रक्तावाटे सगळीकडे पोहोचत होते. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये मेलनबी यांनी कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने कुत्र्यांच्या पिलांचा मुडदूस टाळून दाखवला. त्या तेलातल्या गुणकारी घटकाला पुढे ‘ड जीवनसत्त्व’ हे नाव मिळाले.

आज आपल्याला ही क्रिया माहीत आहे. आपल्या त्वचेत कोलेस्टेरॉलच्या जातीचा एक पदार्थ असतो. उन्हातले अतिनील-ब किरण त्यावर पडले की त्याचे ड जीवनसत्त्व होते. यकृत आणि मूत्रपिंड त्याला कामाचे रूप देतात, आणि मग आतडी अन्नातला कॅल्शियम नीट शोषून घेतात. ऊन नसेल तर दूध पिऊनही हाड उपाशी राहते. हे किरण कपड्यांतून जेमतेम जातात आणि खिडकीच्या काचेतून जवळपास जातच नाहीत. सावळ्या कातडीतले मेलॅनिनही त्यांना अडवते, म्हणून आपल्याला गोऱ्यांपेक्षा जास्त वेळ ऊन लागते. त्याच मेलॅनिनमुळे आपल्याकडे त्वचेचा कर्करोग कमी दिसतो. पण ऊन सर्वस्वी निरुपद्रवी नाही. अति उन्हाने कातडी भाजते, लवकर सुरकुतते, आणि उन्हाची गणना कर्करोगाच्या सिद्ध कारणांत होते.

मुलांपेक्षा मोठी किंमत आयांनी मोजली. कॅथलीन व्हॉन या डॉक्टर श्रीनगरच्या जनाना रुग्णालयात काम करत. शहरातल्या पडदानशीन बायकांची हाडे मऊ होऊन ओटीपोटाचा सांगाडा दबलेला असे. बाळ अडे, कधी आई जाई, कधी दोघेही. झेलमवर होड्या चालवणाऱ्या हांजी बायकांची बाळंतपणे मात्र सुखरूप होत. दोघीही मुसलमानच. व्हॉन यांनी 1928 मध्ये यावर पुस्तकच लिहिले.

मला हा इतिहास महत्त्वाचा वाटतो, कारण पडद्याचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच सूर लागतात. बाहेरचे म्हणतात, बघा यांचा मागासलेपणा. आपले म्हणतात, हा दीनवर हल्ला आहे. या गोंगाटात मुलीच्या हाडांचे कोणी विचारत नाही. नाशिकने दोन्ही बाजूंना उत्तर दिले आहे. आजार मजहबाचा नव्हता. तो बंद खोलीचा आणि ‘आमच्या घरच्या बायका बाहेर पडत नाहीत’ या खानदानी मिजाशीचा होता. आणि पडदा परक्या पुरुषापासून सांगितला आहे, सूर्यापासून नाही. ज्या घराला आतले अंगण होते, तिथल्या बाईला तिच्या पडद्यातही ऊन मिळू शकत होते.

आता अंगणे गेली. दाटीच्या मोहल्ल्यांत इमारतीला इमारत चिकटली आणि गच्चीला कुलूप लागले. ड जीवनसत्त्वाची कमतरता आज शहरांतल्या सगळ्याच धर्मांच्या लोकांत सर्रास आढळते, कचेरीत दिवस काढणाऱ्या पुरुषांतही. पण मी मुलींना शिकवते, म्हणून मला त्या आधी दिसतात. पाचवीत मैदानभर धावणारी मुलगी नववीत मधल्या सुट्टीत वर्गातच डबा उघडते. तिच्या हाडांची सर्वांत जास्त भर पडते ती नेमकी याच वयात. ‘बाई, पाय दुखतात’ असे ती म्हणते, आणि घरी तिला नखरे ठरवले जाते.

उपाय अवघड नाही. कोवळ्या उन्हाचे आपण फार कौतुक करतो, पण त्यात हे किरण फार थोडे असतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की ते भरपूर मिळतात. तेव्हा चेहरा, हात आणि पाय उघडे ठेवून थोडा वेळ बसावे. कातडी लाल होईपर्यंत नाही. दुखणे असेल तर रक्त तपासून डॉक्टर सांगतील तेवढेच औषध घ्यावे. जास्तीचे ड जीवनसत्त्वही अपाय करते.

बाकीचे काम आपल्या हातात आहे. इमारतीच्या कमिटीने रोज तासभर गच्ची फक्त बायकांसाठी ठेवावी. शाळेने मुलींचा खेळाचा तास गणिताला देऊ नये. यासाठी ना फतवा लागतो, ना मोर्चा. फक्त गच्चीची किल्ली कोणाकडे आहे, ते विचारावे लागेल.