नोकरी शोधताय? जवळच्या पाहुण्यापेक्षा दूरची ओळख जास्त कामाला येते

नोकरीची जाहिरात गावातल्या पोरांना दिसते ती बहुतेक व्हॉट्सअॅपवर, आणि तोवर ती दहा ग्रुप फिरून आलेली असते. कंपनीच्या गेटवर मात्र बऱ्याच जागा जाहिरात न देताच भरतात. "तुमच्या ओळखीत कोणी आहे का?" असं सुपरवायझर आपल्याच कामगारांना विचारतो आणि दोन दिवसांत माणूस हजर होतो. ही खबर आपल्यापर्यंत कशी पोहोचेल, ते समजून घेऊ.

ओळख म्हणजे वशिला नव्हे

लायकी नसताना कोणाच्या शब्दावर लागणं म्हणजे वशिला. जागा निघाल्याचं वेळेवर कळणं आणि "पोरगा कामाचा आहे" असं सांगणारं कोणी असणं, ही ओळख. आपल्याकडे ही पद्धत जुनीच आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत रत्नागिरी, सातारा भागातली माणसं लागली ती गाववाल्यांच्या आधारानं. भरती जॉबरच्या हातात असायची आणि नवा आलेला गडी गाववाल्यांच्याच खोलीत उतरायचा. पण जॉबर लोक नोकरी लावण्यासाठी दस्तुरीही घेत. ओळखीच्या नावाखाली पैसे उकळणारे आजही आहेत, त्याबद्दल पुढे पाहूच.

दूरची ओळख का?

अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बोस्टनजवळच्या न्यूटन शहरात नोकरी बदललेल्या लोकांचा अभ्यास केला. तो १९७३ साली प्रसिद्ध झाला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारलं, की ज्यांनी खबर दिली ते तुम्हाला किती वेळा भेटत होते? नेहमी भेटणारे फक्त सुमारे १७ टक्के निघाले. अधूनमधून भेटणारे ५६ टक्के आणि क्वचित भेटणारे २८ टक्के होते. २०२२ मध्ये लिंक्डइनच्या सुमारे २ कोटी वापरकर्त्यांवरचा अभ्यास आला. त्यातही अगदी घट्ट ओळखीपेक्षा बेताची ओळख नोकरी मिळण्यात जास्त उपयोगी ठरली.

कारण साधं आहे. आपला भाऊ, आपला मित्र रोज आपल्याच पारावर बसतो. जे आपल्याला माहीत तेच त्यालाही माहीत. चाकणला किंवा वाळूजला राहणाऱ्या वर्गमित्राच्या कानावर मात्र वेगळ्या गोष्टी येतात.

कोणाला विचारायचं?

- आयटीआय किंवा कॉलेजचे सर. जुनी पोरं कुठे लागली, हे त्यांना ठाऊक असतं.
- आपल्या आधी दोन-तीन वर्षं पास झालेली मुलं.
- गावातून एमआयडीसीत कामाला गेलेली माणसं, मग ती दुसऱ्या आळीची का असेनात.
- दुकानदार, ट्रॅक्टर शोरूमचे मेकॅनिक, औषध दुकानवाले. त्यांच्याकडे चार ठिकाणची माणसं येतात.
- लग्न झालेल्या मुलींनी माहेरच्या ओळखी सोडू नयेत. सासर आणि माहेर अशा दोन्ही गावांत ओळख असणं ही जमेची बाजू आहे. बचत गटातल्या ताईंनाही विचारावं.

नोकरी मागू नका, माहिती विचारा

"कुठं जागा असेल तर सांगा" असा मेसेज ग्रुपवर टाकला तर अंगठ्याशिवाय काही मिळत नाही. एकेकाला वेगळा मेसेज करा. उदाहरणार्थ:

"नमस्कार दादा. मी (नाव), (गाव). तुमचा नंबर आयटीआयच्या सरांनी दिला. फिटर ट्रेड पास आहे, एक वर्ष अप्रेंटिसशिप झाली आहे. तुमच्या भागात फिटरच्या जागा कधी निघतात आणि काय तयारी लागते, एवढंच विचारायचं होतं. सवड असेल तेव्हा पाच मिनिटं फोन करू का?"

फोनवर हे जरूर विचारा: काम कंपनीच्या रोलवर की कॉन्ट्रॅक्टवर? हातात पगार किती पडतो? पीएफ कापतात का? राहण्याची सोय काय आणि खोलीभाडं किती? गेटवर कोणती कागदपत्रं लागतात? पगार ऐकून हुरळून जाऊ नका. खोली आणि जेवण वजा जाऊन घरी किती पाठवता येईल, हा हिशेब आधी करा.

आधार, बँक पासबुक, मार्कशीट आणि एका पानाचा बायोडेटा मोबाइलमध्ये पीडीएफ करून ठेवा. बायोडेटा मागितला की लगेच पाठवता आला पाहिजे. आधार आणि पासबुक मात्र खात्री पटल्याशिवाय कोणाला पाठवू नका.

शब्द राखा

ज्यानं नाव सुचवलं त्याची पत पणाला लागलेली असते. आठ दिवसांत न सांगता काम सोडून आलात, तर पुढच्या वेळी तो गावातल्या दुसऱ्या पोराचंही नाव घेणार नाही. काम जमत नसेल तर आधी त्याला सांगा. नोकरी लागली तरी कळवा, न लागली तरी कळवा. आणि उद्या तुमच्या कंपनीत जागा निघाली, तर मागच्या पोरांना सांगायला विसरू नका.

पैसे मागितले की थांबा

रजिस्ट्रेशन, युनिफॉर्म, ट्रेनिंग अशा नावाखाली आधी पैसे मागितले, तर सुचवणारा ओळखीचा असला तरी देऊ नका. कंपनीत जाऊन किंवा कंपनीच्या अधिकृत नंबरवर खात्री करा. ऑनलाइन फसवणूक झाली तर १९३० वर ताबडतोब फोन करा. परदेशी नोकरी असेल, तर एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला आहे का, ते ई-मायग्रेट पोर्टलवर पाहा. सरकारी भरतीचा मार्ग जाहिरात, अर्ज आणि परीक्षा हाच आहे. "आतून काम करतो" म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका.

ओळखीसोबत सरकारी नोंदणीही करून ठेवा. राज्याचं महास्वयम आणि केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस, दोन्ही पोर्टलवर नोंदणी मोफत आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र असतं. रोजगार मेळावे कधी आहेत, ते तिथे विचारा. मेळाव्यात नोकरी लागली नाही, तरी तिथे भेटलेल्या माणसांचे नंबर घेऊन या.