उसन्या आज्ञा

दुसऱ्यानें सिद्ध केलेलें साहित्य आपल्या कामीं लावणें हा आळस कीं शहाणपण, हा वाद संगणकशास्त्रांत आजही ऐकूं येतो. त्याचा निवाडा करूं इच्छिणारानें त्या शास्त्राचा आरंभकाळ अवश्य पाहावा.

केंब्रिज विद्यापीठांत ‘एड्सॅक’ हें गणनयंत्र ६ मे १९४९ रोजीं प्रथम चाललें. त्याचे निर्माते मॉरिस विल्क्स यांनीं लवकरच १२६ आज्ञांचा एक प्रोग्रॅम त्यावर चालविण्यास घेतला, तों त्यांत सुमारें वीस चुका निघाल्या. आपल्या उर्वरित आयुष्याचा बराच भाग स्वतःच्याच चुका हुडकण्यांत जाणार, हें त्यांस त्या सुमारास उमगलें.

मग त्याच चुका प्रत्येकानें नव्यानें कां कराव्या? केंब्रिज येथें वर्गमूळ काढणें, उत्तर छापणें अशा नित्याच्या कामांच्या आज्ञा एकदांच लिहून व पारखून कागदी फितीवर छिद्रांनीं उमटवीत आणि त्या फिती कपाटांत जपून ठेवीत. ज्यास गरज पडे तो हव्या त्या फितीची नक्कल आपल्या फितींत उतरवून घेई. अशा तयार तुकड्यास ‘सबरुटीन’ म्हणतात. १९५१ मध्यें विल्क्स, व्हीलर व गिल यांनीं या पद्धतीवर ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हां संग्रहांत ८७ सबरुटीनें जमलीं होतीं.

यांपैकीं डेव्हिड व्हीलर यांनीं पुढच्याच वर्षीं एक मार्मिक गोष्ट सांगितली. तुकडा लिहून तपासला म्हणजे काम संपत नाहीं. त्याचें अंतरंग न जाणणारासही तो वापरतां यावा असें त्याचें वर्णन लिहिणें, हेंच कदाचित् सर्वांत अवघड.

या बोलाचें मोल ४ जून १९९६ रोजीं कळलें. त्या दिवशीं ‘एरियान-५’ हा युरोपचा नवा अग्निबाण दक्षिण अमेरिकेंतील कुरू येथून सुटला. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेंतील आज्ञा ‘एरियान-४’ वरून घेतल्या होत्या. नव्या बाणाचा आडवा वेग जुन्यापेक्षां फार लवकर वाढे. त्यामुळें वेगाशीं निगडित एक संख्या तिच्यासाठीं राखलेल्या सोळा बिटांच्या जागेंत मावेना. मुख्य व राखीव या दोन्ही यंत्रणांत त्याच आज्ञा असल्यामुळें दोन्ही बंद पडल्या, आणि सुमारें चाळीस सेकंदांत बाण चार उपग्रहांसह नष्ट झाला. त्या संख्येस संरक्षण कां दिलें नाहीं, याचें कारण मूळ आज्ञांत कोठेंच नोंदलेलें नव्हतें, असें चौकशींत आढळलें. खेदाची गोष्ट ही कीं, सुटल्यानंतर त्या गणिताची नव्या बाणास गरजच नव्हती!

उसनें घेण्यांत कमीपणा नाहीं. आपण सर्वच पूर्वसूरींचे ऋणी आहों. मात्र धनकोनें खतावर अटी स्पष्ट लिहाव्या आणि ऋणकोनें त्या वाचून मगच सही करावी, एवढें पथ्य पाळलेंच पाहिजे.