भाताचा मिथेन आणि पुढे ढकललेली तारीख

कुंभकोणमलगतचे मरुदानल्लूर हे गाव कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील इतर गावांप्रमाणेच भातखाचरांच्या मुलखात वसले आहे. तंजावरच्या मराठी राजवटीच्या उत्तरकाळात इथल्या सद्गुरू स्वामींनी दाक्षिणात्य भजनपद्धतीची घडी बसवली आणि त्या परंपरेत मराठी अभंगही रुजले. मराठी वाचकाला एवढी ओळख पुरे. नेट झीरोच्या वादात मात्र अशा गावांचा संबंध येतो तो त्यांच्या पाण्याने भरलेल्या खाचरांमुळे.

खाचरात पाणी साचून राहिले की मातीतील प्राणवायू काही दिवसांत संपतो. मग प्राणवायूविना जगणारे सूक्ष्मजीव कुजणाऱ्या सेंद्रिय पदार्थांपासून मिथेन तयार करतात. त्यातला बराचसा मिथेन भाताच्या रोपातील पोकळ ऊतींमधून, जणू नळीतून, हवेत निसटतो. हा वायू वातावरणात सुमारे १२ वर्षेच टिकतो. परंतु वीस वर्षांच्या हिशेबाने त्याची उष्णता अडवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ऐंशी पट भरते.

हा मिथेन आंतरराष्ट्रीय राजकारणात शिरला तो १९९० मध्ये. वॉशिंग्टनच्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटने त्या वर्षीच्या अहवालात हरितगृह वायूंच्या उत्सर्जकांची यादी दिली आणि तीत भारताला पाचवे स्थान मिळाले. भातशेती आणि गुरे यांचा मिथेन त्या गणितात होता. १९९१ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटचे अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी छोटी पुस्तिका काढून या गणितालाच आव्हान दिले. गरीब शेतकऱ्याच्या खाचरातला वायू आणि श्रीमंत देशातील मोटारीचा धूर एका तराजूत कसे तोलता येतील, हा त्यांचा सवाल होता. जगण्यासाठीचे उत्सर्जन आणि चैनीसाठीचे उत्सर्जन हा भेद तिथून भारताच्या भूमिकेचा कणा झाला.

सवाल नैतिक होता. त्याला आकड्यांचा आधार मिळाला तो प्रयोगशाळेतून. भारतीय भातशेती वर्षाला पावणेचार कोटी टनांच्या आसपास मिथेन सोडते, असा अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा अंदाज होता. परदेशातील मोजक्या शेतांवरची मोजमापे भारताच्या क्षेत्रफळाला लावून तो काढलेला होता. राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे ए. पी. मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये देशभर प्रत्यक्ष मोजणीची मोहीम घेतली. हाती आलेला आकडा सुमारे चाळीस लाख टनांचा, म्हणजे जवळपास नऊ पटींनी कमी होता. देशातील पुष्कळसा भात पावसावर पिकतो, खाचरे सतत तुडुंब नसतात, हे परदेशी गणितात धरलेच नव्हते. भारतीय विज्ञानाच्या इतिहासात राजनैतिक वजन लाभलेली अशी मोजणी क्वचितच सापडेल.

या यशाला एक मर्यादाही होती. सरासरी कमी निघाली ती पावसाळी शेतीमुळे. कावेरीचा त्रिभुज प्रदेश कल्लणै बंधाऱ्यापासून मेट्टूर धरणापर्यंत पाटपाण्यावर उभा आहे, आणि जिथे पाणी सतत उभे राहते तिथेच मिथेन अधिक निघतो. देशाची बाजू मांडणारा आकडा या खाचरांना निर्दोष ठरवत नव्हता.

तीन दशकांनी वादाचे केंद्र मिथेनवरून तारखेकडे सरकले. जागतिक तापमानवाढ दीड अंशावर रोखायची तर कार्बन डायऑक्साइडचे निव्वळ उत्सर्जन २०५० च्या सुमारास शून्यावर यायला हवे, असे आयपीसीसीने २०१८ मध्ये सांगितले. मार्च २०२१ मध्ये तत्कालीन ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी अशी दूरची लक्ष्ये हवेतली ठरवली होती. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला ग्लासगो येथे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी २०७० हे साल जाहीर केले. विकसित देशांच्या २०५० नंतर वीस वर्षे आणि चीनच्या २०६० नंतर दहा वर्षे, या अंतरामागचा युक्तिवाद १९९१ चाच होता. त्या परिषदेच्या अखेरीस कोळसा ‘हद्दपार’ करण्याऐवजी ‘टप्प्याटप्प्याने कमी’ करण्याची शब्दयोजना भारताच्या आग्रहाने झाली. २०३० पर्यंत मिथेन तीस टक्क्यांनी घटवण्याच्या जागतिक प्रतिज्ञेतही भारत सामील झाला नाही.

यानंतर माघारीचा क्रम श्रीमंत देशांत सुरू झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान ऋषी सुनक यांनी नव्या पेट्रोल-डिझेल मोटारींवरील बंदी २०३० वरून २०३५ वर नेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यूझीलंडने २०५० साठीचे जैविक मिथेनचे लक्ष्य २४ ते ४७ टक्के घटीवरून १४ ते २४ टक्क्यांवर आणण्याचे ठरवले. कारण दिले गेले ते शेतकऱ्याचे. तिथला शेतकरी दुग्धजन्य पदार्थ जगभर निर्यात करतो. तंजावरकडचा अल्पभूधारक स्वतःच्या घरचा भात पिकवतो. दोघांच्या नावाने मागितलेली सवलत एकाच शब्दांत मांडता येते, आणि हीच त्या युक्तिवादाची दुबळी बाजू आहे.

दुसरी दुबळी बाजू भारताच्या घरातलीच. २०१० मध्ये केंद्र सरकारने मन्नारगुडी परिसरात कोळशाच्या थरांतील मिथेन काढण्याचा करार एका कंपनीशी केला. सेंद्रिय शेतीचे प्रवर्तक जी. नम्माळवार यांनी त्याविरुद्ध गावोगाव फिरून लोक उभे केले. डिसेंबर २०१३ मध्ये त्यांचे निधन झाले आणि २०१५ मध्ये राज्याने प्रकल्पाला बंदी केली. २०१७ मध्ये कुंभकोणमच्या परिसरातील कदिरामंगलम येथे तेलवाहिनी फुटली आणि आंदोलन पेटले. फेब्रुवारी २०२० मध्ये राज्याने त्रिभुज प्रदेश संरक्षित कृषी क्षेत्र ठरवणारा कायदा केला. त्याने नव्या तेल-वायू उत्खननाला मनाई झाली. चालू विहिरींना मात्र त्याने हात लावला नाही.

तरीही मार्च २०२३ च्या अखेरीस केंद्राच्या कोळसा लिलावाच्या यादीत वडसेरी, मायकेलपट्टी आणि सेत्तियातोप्पच्या पूर्वेकडील पट्टा ही कावेरी खोऱ्यातील नावे झळकली. ४ एप्रिलला मुख्यमंत्री एम. के. स्टॅलिन यांनी पंतप्रधानांना पत्र लिहिले; विरोधी अण्णा द्रमुक आणि भाजपचे प्रदेशाध्यक्षही विरोधात उभे राहिले, आणि चार दिवसांत हे तिन्ही पट्टे वगळल्याची घोषणा झाली. भाताच्या नावाने जगाकडे मुदत मागणारा देश त्याच भाताखालचा लिग्नाइट लिलावात काढायला निघाला होता. २०७० या सालाबद्दल संसदेत जेवढा वाद झाला नाही, तेवढा या चार दिवसांत तमिळनाडूत झाला. राज्य हे लक्ष्य २०७० च्या पुष्कळ आधी गाठेल, असे स्टॅलिन यांनी त्याआधीच सांगून ठेवले होते.

राहिला खाचरातला मिथेन. कुंभकोणमजवळच्या आडुतुरै येथे १९२२ पासून भात संशोधन केंद्र आहे. साठच्या दशकातील एडीटी २७ हे वाण तिथलेच. खाचर सतत भरलेले न ठेवता पाणी आटू देऊन पुन्हा भरायचे, ही ओल-सूक पद्धत मिथेन निम्म्याच्या आसपास घटवू शकते आणि पाणीही वाचवते. पण पुन्हा भरायला पाणी वेळेवर येणार, याची खात्री असेल तोच शेतकरी खाचर आटू देईल. मेट्टूरचे दरवाजे उघडण्याची रूढ तारीख १२ जून. २०२० मध्ये ती आठ वर्षांनी पाळली गेली; २०२४ मध्ये पाणी सुटले २८ जुलैला. कालव्याच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी पाणी आले की खाचर काठोकाठ भरून घेतो.