वकिली सोडली, युक्तिवाद सोडला नाही : संत फ्रान्सिस दि सेल्स

शेंदूरजनाघाटला येऊन सोळाव्या शतकातल्या एका युरोपीय संताबद्दल बोलायचं म्हणजे जरा लांबचं वाटेल. पण हे नाव आपल्याला तसं परकं नाही. इथली मुलं शिकायला नागपूरला जातात. तिथली एसएफएस शाळा आणि सेमिनरी हिल्सवरचं एसएफएस कॉलेज सगळ्यांना ठाऊक आहे. त्या तीन अक्षरांमागे सेंट फ्रान्सिस दि सेल्स आहेत. आल्प्सच्या कुशीतल्या ॲनसी गावी 1838 मध्ये त्यांच्या नावाचा मिशनरी संघ स्थापन झाला. त्या संघाचे पाद्री 1840 च्या दशकात भारतात आले आणि पुढे आपल्या भागातही त्यांचं काम उभं राहिलं. 1887 मध्ये नागपूरचा कॅथलिक धर्मप्रांत झाला, आणि त्यातून 1955 मध्ये अमरावतीचा वेगळा निघाला.

फ्रान्सिस यांचा जन्म 1567 चा, सॅव्हॉय संस्थानातल्या सरदार घराण्यात. ते थोरले चिरंजीव. वडिलांच्या मनात एकच, की पोरानं कायदा शिकावा आणि शांबेरीच्या सिनेटवर, म्हणजे तिथल्या वरच्या न्यायालयात, जाऊन बसावं. आपल्या वऱ्हाडातही ॲडव्होकेट मुलाचं स्वप्न पाहिलेले बाप आम्ही खूप पाहिले आहेत, तेव्हा हे सांगायला नको.

मुलगा आधी पॅरिसला शिकला. तिथं विशीच्या आत एका प्रश्नानं त्याला आजारी पाडलं. कोणाचा उद्धार होणार आणि कोणाचा नाही हे देवानं आधीच ठरवलं असेल, तर आपलं काय? आम्ही तत्त्वज्ञान शिकवणारे याला नियतीचा प्रश्न म्हणतो. कोर्टाच्या भाषेत सांगायचं तर सुनावणीआधीच निकाल लागलेला! शेवटी त्यानं मनाशी ठरवलं, निकाल काहीही असो, देवावर प्रेम करणं आपल्या हातात आहे. तेवढं करायचं.

मग पदुआ विद्यापीठात कायदा आणि सोबत धर्मशास्त्र. डॉक्टरेट घेऊन तो घरी आला, वकिलीची सनद मिळाली, सिनेटची जागा पुढ्यात होती आणि वडिलांनी श्रीमंत घरची मुलगीही पाहून ठेवली होती. तेव्हा त्यानं सांगितलं, मला पाद्री व्हायचं आहे. वडील राजी होईनात. चुलतभाऊ लुई यानं रोमकडून त्याच्यासाठी जिनिव्हाच्या धर्मप्रांतातलं मानाचं पद मिळवलं, तेव्हा कुठे ते नमले. डिसेंबर 1593 मध्ये फ्रान्सिसना दीक्षा मिळाली.

पुढच्याच वर्षी ते शाब्ले भागात गेले. तो मुलूख जवळपास साठ वर्षं प्रॉटेस्टंट झालेला होता. प्रवचनाला माणसं येईनात. तेव्हा त्यांनी आपलं म्हणणं कागदावर लिहून काढलं आणि ते कागद घरोघरी दाराखालून सरकवले. म्हणूनच 1923 मध्ये पोप अकरावे पायस यांनी त्यांना लेखक-पत्रकारांचे आश्रयदाते संत ठरवलं.

इथं आमचं म्हणणं असं. शेंदूरजन्याच्या नर्सरीत जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात. शेंडा छाटतात, मूळ तेच राहतं. फ्रान्सिस यांनी वकिली छाटली, पण समोरच्याचं ऐकणं, मुद्दा नीट मांडणं, पटवून देणं हे मूळ तसंच राहिलं. न्यायालयात निकालामागे शिपाई उभा असतो. दाराखालून सरकवलेल्या कागदामागे कोणी नसतं. वाचणाऱ्यानं तो चुलीत घातला तरी चालतं.

पण इतिहास सांगायचा तर पुरता सांगावा. शाब्ले पुन्हा कॅथलिक झालं ते नुसत्या कागदांनी नाही. 1598 मध्ये सॅव्हॉयचा ड्यूक स्वतः तिथं आला. धर्म बदला, नाहीतर मुलूख सोडा, असा त्याचा दबाव होता. त्याच्याकडे मदत मागणाऱ्यांत फ्रान्सिसही होते. सौम्यतेसाठी ओळखल्या जाणाऱ्या माणसाच्या चरित्रातली ही गाठ आम्हाला सुटलेली नाही, आणि ती झाकूनही ठेवावीशी वाटत नाही.

1602 मध्ये ते जिनिव्हाचे बिशप झाले, पण जिनिव्हा कॅल्व्हिनपंथी असल्यानं राहिले ॲनसीला. 1609 च्या त्यांच्या प्रसिद्ध पुस्तकाचा विषय होता भक्त जीवनाची ओळख. ते मठातल्यांसाठी नव्हतं, प्रपंचात राहणाऱ्यांसाठी होतं, आणि लॅटिनमध्ये नव्हतं, फ्रेंचमध्ये होतं. त्याच काळाच्या थोडं आधी पैठणला एकनाथ महाराज संसारात राहून मराठीत भागवत सांगत होते. दोघांना एकमेकांची खबर असण्याचं कारण नाही. पण देव प्रपंचातल्या माणसाच्या भाषेत आला पाहिजे, हे दोघांनाही उमगलं होतं.

1622 मध्ये लियों शहरी फ्रान्सिस गेले, 1665 मध्ये संत घोषित झाले. आता प्रश्न आपल्यासाठी उरतो. आपलं म्हणणं खरं आहे अशी खात्री असताना, आणि सत्ताही आपल्या बाजूला असताना, आपण कागद सरकवून थांबू का? फ्रान्सिस यांच्यासारख्या माणसालाही ते पुरतं जमलं नाही. यावर आपण घरी जाऊन विचार करू.