औषधदान आणि अभयदान : बेघर रुग्णसेवेच्या इतिहासातील काही पाने

आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान अशी दानाची चार रूपे जैन परंपरेने सांगितली आहेत. मुंबई परिसरातील बेघर रुग्णांच्या सेवेचा इतिहास पाहता औषधदानाला दाते मिळत गेले; सेवा अडली ती बहुधा अभयदानापाशी.

1834 साली शेठ मोतीशा आणि सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पुढाकाराने मुंबईत पांजरापोळ स्थापन झाली आणि निराधार, आजारी मुक्या प्राण्यांना आसरा मिळाला. रस्त्यावर दिवस कंठणाऱ्या कुष्ठरोग्यांसाठी खास आश्रम उभा राहण्यास मात्र 1890 साल उजाडले. त्या वर्षी महापालिका आयुक्त हॅरी अॅक्वर्थ यांनी नागरिकांकडून वर्गणी गोळा करून माटुंग्यास तो उघडला. मराठी वाचक या गृहस्थांना ओळखतो तो पोवाड्यांचे संग्राहक म्हणून. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेला संग्रह 1891 मध्ये प्रसिद्ध झाला. ‘बेघर कुष्ठरोग्यांचा आश्रम’ याच अर्थाचे इंग्रजी नाव त्या संस्थेस होते. आज ते वडाळ्याचे अॅक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय होय.

आश्रमात अन्न, वस्त्र, शुश्रूषा मिळत असे. 1897 च्या सुमारास तेथील मैल्यापासून वायू तयार करून वापरण्याचा प्रयोगही झाला. भारतातील अशा आरंभीच्या प्रयोगांत त्याची गणना होते. तथापि या कार्यामागे करुणा जितकी होती तितकीच, किंबहुना अधिक, शहराची भीतीही होती. रोगी बरा व्हावा, याहून तो नजरेआड व्हावा ही इच्छा प्रबळ होती. 1898 च्या कायद्याने तर भीक मागणाऱ्या वा उपजीविकेचे साधन नसलेल्या कुष्ठरोग्यास वॉरंटाविना पकडण्याचा अधिकार पोलिसांना दिला. श्रीमंताच्या घरातील रोगी त्यातून सुटला. पकडला गेला तो गरीब. औषध देणाऱ्या दाराशी शिपाई उभा असेल, तर रुग्ण त्या दाराकडे आपण होऊन कसा येणार? हा कायदा रद्द होण्यास 2016 साल उजाडावे लागले.

आज शिपायाच्या जागी कागद आला आहे. मिरा-भाईंदरची नगरपरिषद 1985 मध्ये आणि महानगरपालिका 28 फेब्रुवारी 2002 रोजी अस्तित्वात आली. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 8,09,378 भरली. एक लाख लोकसंख्येमागे एक चोवीस तास उघडे निवारागृह, हा सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये घालून दिलेला दंडक लावला, तर तेव्हाच्या लोकसंख्येसही आठ निवारे हवेत. शहराच्या इमारती उभारणारा मजूर काम संपताच उघड्यावर येतो. केसपेपर काढताना त्याला पत्ता विचारला जातो. क्षयरोगाचे औषध किमान सहा महिने अखंड घ्यावे लागते; रात्रीची जागा रोज बदलणाऱ्याने ते ठेवावे तरी कोठे? शस्त्रक्रियेनंतर सांगितलेली विश्रांती त्याने फलाटावर घ्यावी काय?

विश्वस्त संस्थांच्या दृष्टीने या इतिहासातील महत्त्वाचा टप्पा 2006 चा. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 41 कक खाली मुंबई उच्च न्यायालयाने आखून दिलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखाव्या लागतात. त्यासाठी रुग्णांच्या एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम स्वतंत्र निधीत जमा होते. आणीबाणीच्या प्रसंगी अशा रुग्णास तत्काळ दाखल करून घेणे बंधनकारक आहे. एरवी मात्र तहसीलदारांचा दाखला किंवा शिधापत्रिका दाखवावी लागते, आणि ज्याला घरच नाही त्याच्यापाशी नेमकी तीच नसते. अशा वेळी रुग्णाची परिस्थिती जाणून घेणे हे रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकाचे काम असते. रुग्णासोबत त्या टेबलापर्यंत जाणारा, या नियमाची माहिती असलेला एखादा कार्यकर्ता असला, की पुष्कळदा तेवढ्यानेच खाट मिळते.